पणजोबांच्या मागे जायचंय: फेरफार, नमुना १४ आणि उपाध्यांची वही यांचा मेळ कसा घालायचा?

शिवधडा
नमस्कार मंडळी. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. गावात आज आमच्या नावावर एक गुंठाही नाही, होती ती जमीन १९६० च्या सुमारास विकली गेली. वंशावळ पणजोबांच्या मागे न्यायची आहे, जमल्यास १८०० पर्यंत. हाताशी आहे ते असं:

आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, १९३० च्या दशकातला, जन्मतारीख १ जून. एका वारस फेरफाराची (जमिनीवर वारसांची नावं चढल्याच्या नोंदीची) नक्कल, त्यात पणजोबांचं नाव "बाळा बिन सखाराम", म्हणजे सखारामचा मुलगा बाळा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडच्या वहीतल्या पानाचा फोटो, मोडीत. वाचून घेतला तर बाळाच्या वर महादूचं नाव निघालं, आणि घरातले जाणतेही महादूच सांगतात. शिवाय एक सुटा मोडी कागद, ज्याचं लिप्यंतर "मौजे मजकूर... सन सलास मयातैन व अलफ" असं मिळालंय. मजकूर नावाचं गाव नकाशावर सापडत नाही.

तर: सखाराम की महादू? १९०० च्या मागे कोणते कागद, कुठल्या कार्यालयात, कोणत्या क्रमानं बघायचे? आणि त्या सुट्या कागदाचं साल कोणतं?

सूडपत्रक
सखाराम-महादू थोडं बाजूला ठेवा, आधी जमीन पकडा. माणसाचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी येतं आणि आडनाव जुन्या कागदांत बऱ्याचदा नसतंच. जमिनीचा नंबर बदलला तर मात्र बदलाचा कागद मागे राहतो. म्हणून नावानं शोधू नका, नंबरानं मागे जा.

तुमच्या वारस फेरफारात सर्व्हे किंवा गट नंबराचा रकाना असेल. त्या नंबराचा आजचा सातबारा काढा, जमीन दुसऱ्याची असली तरी चालतं. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. त्यावरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, एकेक क्रमांक मागे उघडत जायची. गावात एकत्रीकरण योजना (तुकडे जोडून नवे गट पाडणं) झाली असेल तर गट नंबर मधेच थांबेल, त्याच्या आधी सर्व्हे नंबर होता. तो दुवा एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४) उताऱ्यात मिळतो. तो तलाठ्याकडे नव्हे, भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागायचा. इथे लोक हमखास अडकतात: आजचा गट १४५ आणि जुना सर्व्हे १४५ एकच समजून दुसऱ्याच्याच घराण्याची वंशावळ चढत जातात.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर गावोगाव टप्प्याटप्प्यानं आली. त्यामुळे फेरफार तुम्हाला साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेतील, त्यामागे नाही. त्यामागे मूळ मोजणीचे कागद: सूड (सर्व्हे नंबरवार जुनी नोंदवही), शेतवार पत्रक (शेतांची यादी), आकारबंद (क्षेत्र आणि सारा). यातल्या सूड आणि शेतवार पत्रकात खातेदाराचं नाव असतं. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं, त्यामुळे तुमच्या गावची ब्रिटिश मोजणी त्यानंतरचीच असणार. बाळाच्या वडिलांचं किंवा आजोबांचं नाव तिथे सापडायची शक्यता चांगली आहे.

फेरफार वाचताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारस लावायला दहा-वीस वर्षं सहज गेलेली असतात, कधी कर्ज काढायची वेळ आल्यावरच नाव चढतं. मजकुरात "मयत होऊन अमुक वर्षे झाली" असं असलं तर ते टिपा.

नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे एकच नाव आहे म्हणून तो एकुलता एक धरू नका, धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांत लपलेले असतात. ते बाहेर येतात वाटणीच्या फेरफारात, म्हणून वारस नोंदीइतकीच वाटणीची नोंद शोधा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी, मुलगे असताना मुलींची नावं वारसात सहसा येत नाहीत. तेव्हा "मुलगी नव्हती" असा निष्कर्ष काढू नका. विधवेचं नाव "कोम" लावून येतं, "गंगू कोम सखाराम" म्हणजे सखारामची बायको. १९३७ च्या कायद्यानंतर विधवांच्या नोंदी वाढतात.

"अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल तर वय लिहिलेलं असतं, आणि जन्मसाल काढायला ते शाळेच्या तारखेपेक्षा बरं. तुमच्या उताऱ्यावरची १ जून ही शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून मास्तरांनी घातलेली तारीख असण्याचीच शक्यता जास्त. सालसुद्धा एक-दोन वर्षं इकडे-तिकडे धरा.

कोतवालबुक
वरच्या प्रतिसादात भर. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४ बघा, बोलीत कोतवाल बुक. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या आधीची ही बाडं बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, सातारा भागात पुष्कळशी मोडीत.

आजोबांचा जन्म शोधताना नाव शोधू नका, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. तिथे "मुलगा" एवढंच असतं आणि शेजारी बापाचं नाव. म्हणजे शोध "बाळा" या बापाच्या नावानं, शाळेच्या सालाच्या मागेपुढे निदान तीन वर्षं. त्याच घरातली सगळी भावंडं एका बैठकीत काढून घ्या, पुन्हा बाड बाहेर काढायला लावणं सोपं नसतं. मृत्यूच्या नोंदीत वय असतं, ते अंदाजाचं, ५०, ६०, ७० असं गोल. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पानं जरूर बघा. एकाच घरातले तीन-चार मृत्यू सलग नोंदलेले असतात आणि एरवी कुठेच न दिसणारी लहान मुलं आणि सुना तिथे दिसतात.

अर्ज करताना "आमच्या घराण्याची सर्व माहिती मिळावी" असं लिहिलंत की "सदर अभिलेख आढळून येत नाही" हे उत्तर ठरलेलं. अर्जात चार गोष्टी हव्यात: गाव, नमुना क्रमांक, साल कोणतं ते कोणतं, आणि आधी पाहणी करू द्यावी मग नक्कल. माहिती अधिकारात गेलात तर महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. फेरफार आणि नमुना १४ एका अर्जात कोंबू नका.

काही जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर आले आहेत, आधी तिथे तालुका बघा. तसंच २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जी बाडं तपासली गेली, त्यांतली पानं बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय आहेत. त्यात फक्त ती नोंद असलेली पानंच आहेत, अख्खं बाड नाही. तिथे आपलं नाव दिसलं नाही म्हणजे बाडात नाही, असं होत नाही.

लेखपान
वहीबद्दल. उपाध्यांच्या वहीतल्या लेखात पिढ्या का असतात ते कळलं की तो वाचायला सोपा जातो. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांचा आणि आईकडच्या आजा, पणजा, खापरपणजाचा उच्चार लागतो. म्हणून यजमान आला की त्याची तीन पिढ्यांची नावं, बरोबर आलेले, घरी असलेले भाऊ, मुलगे आणि गाव एवढं लिहून घेतात, आणि यजमान खाली सही किंवा निशाणी करतो. पुढच्या पिढीतला कोणी आला की त्याचा लेख आधीच्या लेखावर दोन पिढ्यांनी चढतो. ती साखळी जुळली तर वही पक्की.

यातूनच घोटाळाही होतो. लेखात बापाच्या ओळीशेजारीच चुलत्यांची नावं असतात. नातं दाखवणारा शब्द फोटोत कापला गेला किंवा वाचणाऱ्यानं गाळला, तर चुलता बाप होऊन बसतो. तुमचा महादू हा सखारामचा भाऊ असू शकतो. त्यामुळे फोटो पुन्हा घ्या: पूर्ण पान, आधीचं आणि नंतरचं पान, आणि वहीचं जिथे गावाचं नाव आहे ते शीर्षक. फक्त "आपल्या" चार ओळींचा फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो.

त्र्यंबक आणि नाशिक वेगळे, उपाध्ये वेगळे, वह्या वेगळ्या. एकीकडे लेख आहे म्हणून दुसरीकडे जायचं टाळू नका. दुसऱ्या ठिकाणचा लेख हा स्वतंत्र साक्षीदार. पंढरपूर आहेच. कुलदैवत तुळजाभवानी असेल तर तुळजापूरला पुजाऱ्यांकडेही विचारा. कुठेही गेलात तरी आडनावाआधी मूळ गाव सांगा, जुन्या तालुक्यासकट. बहुतेकांच्या वह्या गावावरून लावलेल्या असतात. सिंहस्थात गर्दी असते, तेव्हा वही मागू नका.

दक्षिणेकडे, कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात हेळवी नावाचे लोक वंशावळ सांगतात, कागदावरूनही आणि तोंडीही. तोंडी सांगितलेल्या पहिल्या पाच-सहा पिढ्या आणि मग एकदम एखादा राजवंश, असं आलं तर राजवंशाच्या अलीकडे रेघ मारा.

शिवधडा
फार मोलाची माहिती. दोन शंका. वहीतला लेख शके १८२९ चा आहे आणि लेख लिहून देणारा स्वतः बाळाच आहे. फेरफार १९२६ चा. मग १९०७ सालचा, खुद्द बाळानं सांगितलेला बाप जास्त विश्वासाचा नाही का? की मधे दत्तकविधान झालं असेल?

सूडपत्रक
दत्तक शक्य आहे, आणि तारखांचा क्रमही त्याला जुळतो. दत्तक गेल्यावर पिंड आणि मिळकत दोन्ही दत्तक बापाकडे जातात, त्यामुळे दत्तकानंतरच्या वहीत आणि फेरफारात एकच नाव यायला हवं. लेख आधीचा आणि फेरफार नंतरचा असेल तर वहीत जनक बाप महादू आणि फेरफारात दत्तक बाप सखाराम, हे बसतं. पण बसतं म्हणून खरं धरू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली, फेरफारातला बाळा तुमचाच आहे का. एकाच भावकीत दोन बाळा असणं रोजचं आहे, कारण नातवाला आजाचं नाव ठेवायची पद्धत, आणि चार भावांचे चार नातू एकाच नावाचे. त्या फेरफारात बाळाचे वारस म्हणून तुमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ नावानिशी आहेत का? असतील तर हा बाळा तुमचा. नुसतं एक नाव जुळणं पुरेसं नाही, भावंडांचा संच जुळायला हवा.

दुसरी, दुय्यम निबंधक कार्यालय, म्हणजे दस्त नोंदणीचं. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर तिथे सापडेल. जमिनीच्या दस्तांचा शोध सूची १ मध्ये नावावरून आणि सूची २ मध्ये मिळकतीवरून घेतात. तिथे असताना १९६० च्या सुमाराचं विक्रीचं खरेदीखतही काढा. "सदर मिळकत आमचे वडिलोपार्जित असून आमचे आजे अमुक यांजकडून..." अशी सुरुवात असते आणि दोन-तीन पिढ्या फुकटात मिळतात. नोंदणी न केलेली दत्तकविधानंही भरपूर होती. पत्र नाही म्हणजे दत्तक नाही असं नव्हे.

तिसरी, महादूच्या स्वतःच्या मिळकतीचं काय झालं. त्याच्या नावची जमीन बाळाच्या भावांकडे गेली आणि बाळाकडे आली नाही, तर दत्तकाची बाजू भक्कम. महादूची जमीनही बाळाकडेच आली, तर सखाराम आणि महादू ही एकाच माणसाची दोन नावं असण्याकडे झुकायला हवं, एक पाळण्यातलं, एक हाकेचं.

रुमालातला_कागद
सुट्या कागदाचं सांगतो. मजकूर हे गाव नाही. "मौजे मजकूर" म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव. गावाचं नाव कागदाच्या डोक्यावर एकदाच असतं, खाली सगळीकडे मजकूर. तुमच्या कागदाचं डोकं फाटलंय किंवा वाचणाऱ्यानं वरून सुरुवात केली नाही. तसंच "साल मजकूर" चालू साल आणि "साल गुदस्त" मागचं साल.

सन सुहूर आहे, म्हणजे मराठी कागदांत चालणारा जुना सन, आकडे अरबी शब्दांत. सलास ३, मयातैन २००, अलफ १०००, म्हणजे १२०३. सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून तुमचा कागद १८०२-०३ चा. पडताळा हवा असेल तर पानिपत घ्या: इहिदे सितैन मया व अलफ, ११६१, आणि लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ६०० मिळवले की जुळतं.

वाचताना लागणारे आकडे: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००. सबा-सबैन आणि समान-समानीन या जोड्यांत चूक ठरलेली, आणि ती दशकांची चूक असते. मिती "छ" लावून दिली असेल तर महिना मुसलमानी आहे. शके असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या मध्यानंतर फाल्गुनापर्यंत ७९. फसलीला (महसुली सनाला) आपल्याकडे ५९०, जानेवारीपासून ५९१.

आता १८४८ च्या मागचा मार्ग. सामान्य रयतेचं नाव सापडायची जागा म्हणजे गावचे लावणी पत्रक (कोण किती जमीन कसतो ते) आणि थळझाडा (शेतांची यादी) यांसारखे कागद. ते पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात तिथे. तिथे नावानं काहीही सापडत नाही. दफ्तर विभागांत लावलेलं आहे आणि त्यात कागद रुमालांत बांधलेले. तुम्ही प्रांत, तर्फ (गावांचा जुना गट) आणि गाव घेऊन जायचं. १८०२ मध्ये कोरेगाव तालुका या नावानं तुमचं गाव शोधू नका, तेव्हाची तर्फ कोणती ते आधी शोधा. ते साताऱ्याच्या जुन्या गॅझेटियरवरून आणि जुन्या इनाम कागदांच्या मथळ्यावरून कळतं.

घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, चौगुला, महारकी, गुरवकी, काहीही वतन असेल तर तुम्ही नशीबवान. १८५२ च्या इनाम कमिशननं आणि पुढे १८७४ च्या वतन कायद्याखाली झालेल्या चौकशांत वतनदारांकडून वंशावळी लिहून घेतल्या आहेत, भाऊबंदांच्या शाखांसकट. आणि वतनाचा तंटा झाला असेल तर त्याहून उत्तम. महजर (सभेचा निर्णय), निवाडपत्र (निकालपत्र) किंवा करीन्यात (बाजूनं दिलेल्या हकिकतीत) दोन्ही बाजू आपापल्या सात-आठ पिढ्या सांगतात. अर्थात जिंकण्यासाठी सांगितलेल्या. वादीच्या करीन्यात जी पिढी आहे आणि प्रतिवादीनंही नाकारलेली नाही, तेवढी धरायची.

मोडी वाचून घेताना वाचणाऱ्याला घरातली नावं आधी सांगू नका. मोडीत ह्रस्व-दीर्घ भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. "महादू असायला हवं" असं कानावर गेलं की महादूच वाचलं जातं. वहीचं पान दुसऱ्या जाणकाराकडून कोऱ्या मनानं वाचून घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथून तयार झालेले वाचक मिळतात.

धुळपाटी
ज्यांचं गाव मुंबई इलाख्यातलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, नाहीतर हा धागा वाचून लोक मराठवाड्यात सूड मागत बसतील.

मराठवाड्यात १९५४ च्या आसपासचं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक हा पाया. त्यामागे निजामी कागद, उर्दूत आणि आणखी मागे फारसीत, तालुक्याच्या अभिलेख कक्षात काही, हैदराबादच्या पुराभिलेखागारात काही. तिथला फसली सन ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. नावं उर्दूतून परत देवनागरीत येताना ट-त, ड-द एक होतात, त्याची सवय ठेवा. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि जुन्या मध्य प्रांताच्या भागात बंदोबस्त मिसल (सारा ठरवतानाचे कागद). वऱ्हाड वेगळा, तिथे रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून.

आणि जिल्हा बघताना साल बघा. लातूरचे १९८२ आधीचे कागद उस्मानाबादेत (आताचं धाराशिव), जालन्याचे १९८१ आधीचे बरेचसे औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर), नंदुरबारचे १९९८ आधीचे धुळ्यात, पालघरचे २०१४ आधीचे ठाण्यात असू शकतात. नवीन जिल्ह्यात "आढळून येत नाही" असं लेखी मिळालं की ते घेऊन जुन्या जिल्ह्यात जा.

जमीन कधीच नव्हती अशा घरांसाठी: कुळ असतील तर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरचे कूळ कायद्याच्या कलम ३२ग चे निकाल आणि कुळ नोंदवही. तेही नसेल तर नमुना १४, शाळेचं जनरल रजिस्टर आणि १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, जिथे शिल्लक आहे तिथे.

शिवधडा
फेरफार पुन्हा बघितला. वारसांत आजोबा आणि त्यांचे दोन्ही भाऊ नावानिशी आहेत, तेव्हा बाळा आमचाच. सर्व्हे नंबरही मिळाला. पुढचं पाऊल सूड की खरेदीखत?

सूडपत्रक
खरेदीखत. सूची २ मध्ये गाव आणि नंबर दिला की लवकर हाती लागतं, आणि त्यात आजा कोण लिहिलाय त्यावरून सूडात सखाराम शोधायचा की महादू ते ठरेल. भूमी अभिलेखला जाल तेव्हा ९(३), ९(४) आणि सूड एकाच खेपेला मागा. सूडात तुमच्या नंबराबरोबर शेजारचे पाच-सहा नंबरही उतरवून घ्या. भाऊबंदांच्या जमिनी बहुधा लागून असतात, आणि महादू तिथे शेजारच्या नंबरावर दिसला तर अर्धं काम झालं.

टिपणवहीत प्रत्येक नावापुढे कागदाचं नाव, क्रमांक आणि साल लिहा, आणि घरातून ऐकलेलं वेगळ्या रंगात. सखाराम आणि महादू दोन्ही सध्या तसेच राहू द्या, एक खोडू नका.